एखाद्या खंडावरचे मोठे शिकारी प्राणी नाहीसे झाले, तर बाकीचे प्राणी कसे बदलतील?

उत्क्रांतीच्या आधी उपासमार येईल. तृणभक्षक भरमसाट वाढतील आणि कोवळी रोपं उगवताच फस्त करतील. मग थोडक्या चाऱ्यावर भागणारे, लहान चणीचे प्राणीच तगतील.

भीती तर फार लवकर जाते, आणि मला हेच सगळ्यात काळजीचं वाटतं. ऑस्ट्रेलियात क्वोल नावाचे मांजरापेक्षा लहान प्राणी २००३ साली शिकारी नसलेल्या बेटावर सोडले. अवघ्या १३ पिढ्यांत ते डिंगो कुत्र्याच्या वासालाही बिचकेनासे झाले! न्यूझीलंडचा काकापो पोपट तर उडणंच विसरलाय. धोका जाणवला की जागीच थिजतो. आकाशातल्या गरुडापासून त्यामुळे बचाव व्हायचा, पण वास काढत येणाऱ्या मांजरापुढे त्याचा काय निभाव लागणार?

खंडावर मात्र मोठ्या शिकाऱ्यांची जागा कायम रिकामी राहणार नाही. कोल्ह्यासारखे मधल्या आकाराचे शिकारी आधी संख्येने वाढतील, आणि लाखो वर्षांत त्यांच्यातलेच काही आकारानेही.