लीफ्सनी डुबसला का काढलं, आणि जीएम नक्की करतो तरी काय

तू विचारलंस की टोरांटोला येऊन चार महिने झाले, ऑफिसात सगळे दिवसभर लीफ्स या इथल्या आइस हॉकी टीमबद्दलच बोलतात, आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नाही. २०२३ मध्ये टीम १९ वर्षांनी पहिल्यांदा प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधली, सिरीज जिंकली आणि तीन आठवड्यांत जीएम काइल डुबसला घरी पाठवलं, हे कसं काय? आणि हे जनरल मॅनेजर लोक निवडतात कसे, काढतात कसे, ‘टीम बांधतो’ म्हणजे करतो काय? काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतोय. मी मिसिसागात २००२ पासून आहे, २००४ ला ऑटवाला सात मॅचमध्ये हरवलं ती सिरीज इथे बसून बघितलीय, त्यामुळे मधली १९ वर्षं मी मोजत काढलीत.

आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यातून सुटत जाईल. जीएमच्या कामाचं फळ त्याच्या हातात बहुतेक वेळा पडतच नाही. आज केलेली निवड चार-पाच वर्षांनी पिकते आणि आज केलेला चुकीचा करारही चार-पाच वर्षांनीच अंगावर येतो, आणि तोवर खुर्चीत दुसराच कोणीतरी बसलेला असतो. म्हणून कुठलाही जीएम चांगला की वाईट हे ठरवायच्या आधी मी तारखा बघतो, कोणता खेळाडू कोणी आणला, कोणता करार कोणी केला.

तुला आयपीएल माहितीय म्हणून सोपं करतो. तिथे लिलावाची पर्स असते तशी इथे सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या वर्षाच्या पगारावर वरची मर्यादा. २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये, म्हणजे मालकांनी खेळ बंद ठेवल्यामुळे, गेला, त्यानंतर ही पद्धत आली, सुरुवातीला ३ कोटी ९० लाख डॉलर होती. पण आयपीएलमध्ये मेगा ऑक्शन झालं की पाटी बरीचशी कोरी होते, इथे तसं नाही. इथे करार सात-सात, आठ-आठ वर्षांचे असतात आणि त्यातला प्रत्येक आकडा पुढच्या जीएमच्या गळ्यात येतो.

जवळचं उदाहरण घे. जुलै २०१७ मध्ये लीफ्सचा जीएम लू लॅमोरेलो होता. न्यू जर्सीत तीन स्टॅनली कप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकलेला, या धंद्यातला सगळ्यात दरारा असलेला माणूस. त्याने पॅट्रिक मार्लोला तीन वर्षांसाठी घेतलं, वर्षाला ६२.५ लाख डॉलर. मार्लो तेव्हा ३७ वर्षांचा. पहिल्या वर्षी ठीक खेळला, पोरांना सांभाळून घेतलं, सगळे खूश. आता नियम असा होता की सही करताना वय पस्तीस किंवा त्याहून जास्त असेल आणि करार एकाहून जास्त वर्षांचा असेल, तर माणूस निवृत्त झाला तरी तो आकडा कॅपवरून हटत नाही. २०१८ ला लॅमोरेलो गेला, डुबस आला, आणि २०१९ च्या जूनमध्ये टीमचा तरुण स्टार मार्नरला पैसे द्यायची वेळ आली तेव्हा हे ६२ लाख जायचे कुठे हा प्रश्न त्याच्यासमोर. कोणी फुकट घेईना. शेवटी कॅरोलायनाने घेतला पण सोबत पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंमधून एक निवडायचा हक्क, घेऊन. त्यांनी मार्लोला पैसे देऊन मोकळं केलं आणि त्या पिकवर २०२० मध्ये १३ व्या नंबरला सेथ जार्विस उचलला. आज तो कॅरोलायनाचा मुख्य फॉरवर्ड आहे आणि लीफ्सविरुद्ध बर्फावर उतरला की मला दर वेळी तो २०१७ चा जुलै आठवतो. लोक म्हणतात डुबसने जार्विस घालवला. कागदोपत्री हो, त्यानेच घालवला. पण उधारी कोणी केली होती?

आता डुबसकडे येऊ. हा मूळचा सू सेंट मेरीचा, तिथल्या ज्युनियर टीमचा जीएम झाला तेव्हा वय २५. २०१४ मध्ये प्रेसिडेंट ब्रेंडन शॅनहनने त्याला असिस्टंट म्हणून टोरांटोला आणलं, २०१८ च्या मे मध्ये जीएम केलं, वय ३२. एनएचएलमध्ये, म्हणजे या हॉकी लीगमध्ये, न खेळलेला, आकडेवारीवर विश्वास असलेला माणूस, त्यामुळे जुनी मंडळी पहिल्या दिवसापासून नाराज. आणि दोन महिन्यांच्या आत १ जुलैला त्याने जॉन टवारेसला आणलं, सात वर्षं, वर्षाला १ कोटी १० लाख. तो दिवस मी विसरणार नाही. कॅनडा डे, आम्ही शेजाऱ्यांकडे बार्बेक्यूला, आणि टवारेसने स्वतःचा लहानपणीचा लीफ्सच्या चादरीत झोपलेला फोटो टाकला. हा पोरगा मिसिसागात जन्मलेला, आपला इथला! शेजारचे सत्तरीचे आजोबा हातातला चिमटा ठेवून घरात गेले आणि जुनी जर्सी घालून बाहेर आले, मग कणसं करपली तरी कोणी बघितलं नाही.

पण त्या आनंदाचा हिशोब पुढे आला. मॅथ्यूज, मार्नर आणि नीलँडर, तिघेही आधीच्या लोकांनी ड्राफ्ट केलेले, तिघांचे स्वस्तातले पहिले करार एकामागोमाग संपले. चौघांचे मिळून साधारण ४ कोटी झाले आणि कॅप होती ८ कोटी १५ लाख. म्हणजे अर्धा पैसा चार फॉरवर्डवर, उरलेल्या अर्ध्यात डिफेन्स, गोलकीपर आणि बाकी सगळे. डुबसचा अंदाज होता की कॅप दरवर्षी वाढेल तसं हे ओझं हलकं होत जाईल, आणि तेव्हा सगळ्या लीगचा अंदाज तोच होता. मग कोविड आला, कॅप तीन सीझन ८ कोटी १५ लाखांवर तशीच अडकली. चुकलं कुठे? माझं मत असं की तरुण पोरांशी घासाघीस करण्यात तो कमी पडला. नीलँडरने डिसेंबरपर्यंत ताणलं, शेवटच्या दिवशी अगदी मुदतीच्या काठावर सही झाली, आणि ते बघून पुढच्या दोघांच्या एजंटना कळलं की हा माणूस शेवटी वाकतो. कोविडचा दोष मी त्याला देत नाही, त्या वाकण्याचा देतो.

तरी काढला तो यासाठी नाही. तुझ्या ऑफिसातले लोक ‘फ्लोरिडाकडून हरले म्हणून काढलं’ म्हणत असतील तर ते अर्धंच खरं आहे. करार संपत आला होता, शॅनहन नवीन करार द्यायच्या तयारीत होता. १२ मे ला पुढच्या फेरीत फ्लोरिडाकडून हरले, १५ मे ला डुबस पत्रकारांसमोर आला आणि मनापासून बोलला, की घरच्यांना या वर्षाचा फार त्रास झालाय, त्यांच्याशी बोलून ठरवावं लागेल, आणि राहिलो तर इथेच, दुसरीकडे नाही. शॅनहनचं म्हणणं, ते ऐकून त्याच्या स्वतःच्या मनात शंका आली. मग डुबसच्या एजंटकडून पैशाचा नवीन प्रस्ताव आला, त्याच संध्याकाळी डुबसने ‘मला राहायचंय’ असा ईमेल केला, पण तोवर शॅनहनचं मन फिरलेलं. १९ मे ला संपलं. म्हणजे पाच वर्षांच्या कामाचा निकाल पाच दिवसांत लागला आणि त्यात हॉकी फारशी नव्हतीच, दोन माणसांमधला विश्वास होता. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, घरी लहान मुलं असलेल्या माणसाने खरं बोलावं आणि तेच अंगाशी यावं. १ जूनला तो पिट्सबर्गमध्ये हॉकी विभागाचा प्रेसिडेंट झाला, लीफ्सनी कॅल्गरीहून आलेल्या ब्रॅड ट्रेलिविंगला घेतलं, आणि शॅनहनही २०२५ मध्ये गेला.

काढण्याची बाकी कारणं ठरलेली आहेत. जीएम आपल्या कोचला एकदा काढू शकतो, दुसऱ्यांदा काढायची वेळ आली की मालक बहुतेक वेळा जीएमकडेच बघायला लागतो. वरचा माणूस बदलला की नव्याला आपला माणूस हवा असतो. आणि कधी साधी कागदपत्रं. शिकागोच्या डेल टॅलनने केन आणि टेव्ससारखी पोरं जमवून टीम उभी केली, आणि २००९ च्या उन्हाळ्यात आपल्याच तरुण खेळाडूंना द्यायच्या ऑफरचे कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून गडबड झाली, जुलैमध्ये त्याला बाजूला केलं. पुढच्याच वर्षी, २०१० ला, शिकागो कप जिंकलं, जीएम स्टॅन बोमन. टॅलन मग फ्लोरिडाला गेला. तिथे बार्कोव्ह, एकब्लॅड ड्राफ्ट केले, २०१९ ला बॉब्रोव्स्कीला सात वर्षं वर्षाला १ कोटी दिले, ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली. २०२० मध्ये तिथूनही गेला. २०२४ आणि २०२५ दोन्ही कप फ्लोरिडाने उचलले, कॅप्टन बार्कोव्ह, गोलमध्ये बॉब्रोव्स्की, आणि जीएमच्या खुर्चीत बिल झीटो. एका माणसाच्या बाबतीत दोनदा!

पण झीटोने आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या असं म्हणणं अन्याय होईल. उलट टीम बांधणं शिकायचं तर त्याचंच बघावं. फोर्सलिंगला कॅरोलायनाने वेव्हर्सवर सोडला होता, म्हणजे कोणीही हात वर करून फुकट न्यावा असा, झीटोने उचलला आणि तो पुढे दोन्ही कपच्या टीममधला पहिल्या दर्जाचा डिफेन्समन झाला. व्हेरहेगीला टॅम्पाने ऑफर दिली नाही, याने घेतला. बेनेट कॅल्गरीत कोपऱ्यात पडलेला, दुसऱ्या फेरीचा पिक आणि एक तरुण खेळाडू देऊन आणला, तोच २०२५ च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मग २०२२ चा सौदा. टीमने सीझनमध्ये लीगमध्ये सगळ्यात जास्त १२२ पॉइंट मिळवले, त्यांच्या ह्युबर्डोचे गोल आणि असिस्ट मिळून ११५, आणि प्लेऑफमध्ये टॅम्पाने चार-शून्य धुतलं. कोणीही म्हणेल की थोडी डागडुजी करा. याने ह्युबर्डो आणि वीगर दोघेही कॅल्गरीला देऊन मॅथ्यू टकाचक आणला, कारण त्याच्या मते टीमला पॉइंट नको होते, प्लेऑफमध्ये समोरच्याच्या अंगावर जाणारा माणूस हवा होता.

याच्या उलट टॅम्पा. २०१९ ला ६२ मॅच जिंकून पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चार-शून्य, सगळीकडे हसं झालं. जीएम ज्यूलियन ब्रीझब्वाने कोच काढला नाही, मुख्य खेळाडू विकले नाहीत, खालच्या ओळींसाठी कोलमन आणि गुड्रो हे कष्टाळू गडी पहिल्या फेरीचे पिक देऊन आणले, आणि २०२०, २०२१ लागोपाठ कप. मुख्य टीम मात्र बरीचशी आधीचा जीएम स्टीव्ह आयझरमनने जमवलेली, कुचेरोव्ह ५८ वा, ब्रेडन पॉइंट ७९ वा पिक. तर कधी मोडायचं आणि कधी हात लावायचा नाही, याचा नियम कुठे लिहिलेला नाही. आपली टीम का हरली हे त्या माणसाला खरंच कळलंय का, एवढाच फरक.

निवडीचं थोडक्यात. पूर्वी माजी खेळाडू आणि स्काउट यांच्यातूनच व्हायचे, ओळखीपाळखीचं वर्तुळ, अजूनही बरंचसं तेच आहे. ब्रीझब्वा वकील आहे. माँट्रियालने २०२२ मध्ये केंट ह्यूजला आणलं, तो आदल्या दिवसापर्यंत खेळाडूंचा एजंट होता, आणि तिथे जीएमला फ्रेंच यायलाच हवं, लोक पत्रकार परिषदेत फ्रेंचमध्ये उत्तर मागतात आणि मला ते मनापासून पटतं. दुसऱ्या टीमच्या करारात असलेल्या माणसाशी बोलायचं तर त्या टीमची परवानगी लागते, म्हणून बरेच जण आतूनच, असिस्टंटमधून वर येतात.

आतूनच वर आलेल्यांमधली मला सगळ्यात लागलेली गोष्ट वॉशिंग्टनची. जॉर्ज मॅक्फी तिथे १७ वर्षं जीएम, ओव्हेचकिन, बॅकस्ट्रॉम, होल्टबी, कुझनेत्सोव्ह सगळे त्याने ड्राफ्ट केलेले. कप आला नाही, २०१४ ला काढलं आणि त्याचाच असिस्टंट आणि कॉलेजातला जुना मित्र ब्रायन मॅक्लेलन खुर्चीत बसला. मॅक्फीला व्हेगसची नवीकोरी टीम मिळाली. २०१७ च्या एक्सपान्शन ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या टीमने बाकीच्या टीममधून खेळाडू उचलायच्या निवडीत, बाकीच्या टीमना आपली जड ओझी उतरवायची होती हे त्याने बरोबर ओळखलं. फ्लोरिडाला रायली स्मिथचा वर्षाला ५० लाखांचा करार नको होता, तर तो घेण्याच्या बदल्यात ३० गोल मारलेला मार्शेसो पदरात पाडून घेतला. हे बोलणं टॅलनचंच होतं बरं का, त्याचे सगळेच निर्णय सोनं होते असं नाही. कोलंबसने तर वर पिक देऊन आदल्या सीझनला ६ गोल मारलेला विल्यम कार्लसन दिला, त्याने पहिल्याच सीझनला ४३ मारले. ती टीम थेट २०१८ च्या फायनलला पोचली, आणि समोर कोण तर वॉशिंग्टन. ७ जूनला, व्हेगसच्याच बर्फावर, मॅक्फीने ड्राफ्ट केलेल्या ओव्हेचकिनने त्याच्या नव्या टीमला हरवून कप डोक्यावर धरला. मॅक्फी वर बॉक्समधून बघत होता.

२०२३ ला व्हेगस जिंकलं तेव्हा जीएम केली मॅक्रिमन झाला होता, मॅक्फी प्रेसिडेंट म्हणून तिथेच होता, आणि बर्फावर त्या पहिल्या ड्राफ्टच्या उन्हाळ्यातले सहा जण उरले होते. त्यातला मार्शेसो प्लेऑफचा सर्वोत्तम ठरला.

ड्राफ्ट लॉटरीचं विचारलंयस ते वेगळं आणि मोठं आहे, रविवारी सवडीने लिहितो.