आधी पानाची मागची बाजू पाहा

जुने ग्रंथ, नकाशे आणि कागदपत्रांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी या वेळी नगरचित्रांच्या जुन्या संग्रहांवरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लिस्बनला असतो. तिथल्या एका दुकानात त्याला एक मोठं रंगीत पान दिसलं. त्यावर आन्फा, आझेमूर (ही दोन्ही मोरोक्कोतली), दीव आणि गोवा अशी चार शहरं आहेत. दुकानदार म्हणतो, १५७२ सालचं अस्सल आहे. घ्यावं का? फोटो जोडला आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : फोटो पाहून फार आनंद झाला. हे चित्र गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांच्या ‘सिव्हिटाटेस ऑर्बिस टेरारम’ या संग्रहाच्या पहिल्या खंडातलं आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरी १५७२ ते १६१७ या काळात त्याचे सहा खंड निघाले. ब्राउन धर्मगुरू होता, मजकूर त्याचा. होगेनबर्ग तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा कसबी कारागीर. जगभरची शहरं एका ग्रंथात बसवण्याचा एवढा मोठा उद्योग त्याआधी कुणी केला नव्हता. आपल्या किनाऱ्यावरची कालिकत आणि कण्णूरही याच खंडात आहेत.

पण नुसत्या चित्रावरून १५७२ हे साल सांगता येत नाही. तेच तांब्याचे पत्रे पुढे कितीतरी वर्षं वापरले गेले, होगेनबर्ग १५९० साली वारला त्यानंतरही. १६५७च्या सुमारास ते अ‍ॅमस्टरडॅमच्या यान्सोनियस या प्रकाशकानं आपल्या नगरसंग्रहासाठी वापरले. म्हणजे चित्र तेच, छाप मात्र वेगवेगळ्या काळातले. काळ सांगतो तो पानाच्या मागे छापलेला मजकूर. माझ्याकडे पानं दाखवायला येणारे बहुतेक लोक नेमका मागच्या बाजूचाच फोटो काढत नाहीत, आणि तुमच्या भावानंही काढलेला नाही. तो मागवा. मजकूर लॅटिन आहे, जर्मन आहे की फ्रेंच, आणि खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, जुळणी कशी आहे, यावरून आवृत्ती ओळखता येते. मागची बाजू कोरी असेल तर ते उशिराचा छाप असू शकतं किंवा अलीकडची प्रतिकृतीही.

भावाला सांगा, पान चौकटीतून बाहेर काढून हातात मागायचं. चित्राच्या कडेला पत्र्याच्या दाबानं पडलेली खोलगट रेघ असते. बोट अलगद फिरवलं की लागते. ती नसेल तर शंका घ्या, पण आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण ती नव्यानंही पाडता येते. मग पान उजेडासमोर धरा. हातकागदात समांतर रेघा दिसतात, काही दाट तर काही लांब-लांब अंतरावर. मधोमध घडी असणारच, कारण पान ग्रंथात दुमडून बसवलेलं होतं. घडीच्या मागे जुन्या कागदाची चिंचोळी पट्टी चिकटवलेली असेल तर उत्तम. सोबत एक जाड भिंग असू द्या : यंत्रावरच्या रंगीत छपाईत ठिपक्यांची जाळी दिसते, कोरीव कामात अखंड रेघ.

रंगाचं वेगळं. हे संग्रह काळ्या शाईत छापले जात आणि रंग हातानं भरत, कधी त्याच काळात, कधी तीनशे वर्षांनी. जुना हिरवा पुष्कळदा जंगालाचा असतो, म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या थराचा. तो कागद खात जातो, आणि समोर जिथे झाडं-शेतं हिरवी आहेत नेमकं तिथेच मागे तपकिरी डाग उमटतात. फोटोतला हिरवा मला फारच ताजा वाटतो. रंग नंतर भरलेला असला म्हणून पान खोटं ठरत नाही, पण किंमत उतरायला हवी.

आता या चित्रातल्या गोव्याबद्दल. त्यावरच्या लॅटिन ओळीत शहर १५०९ साली ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचं कोरलं आहे. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं गोवा घेतला तो १५१० साली. कोलोनमध्ये बसून, दुसऱ्यांनी पाठवलेल्या चित्रांवर हे काम चाललं होतं. जुन्या गोव्याचे रस्ते आणि बाजार पाहण्याची ओढ असेल तर यान ह्यूखेन फान लिन्सखोटेनच्या १५९६ सालच्या प्रवासग्रंथातला गोव्याचा नकाशा पाहा. हा माणूस आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात काही वर्षं राहिला होता. तो नकाशा मी तासन्‌तास पाहू शकते.

घ्यावं का, याचं माझं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे. पान कुठून सुटलं, हे दुकानदाराला विचारा. पिढ्यान्‌पिढ्या सुटंच फिरत असेल तर जरूर घ्या. पण अख्खा खंड आत्ता फोडून तो पानं विकत असेल तर कृपा करून घेऊ नका. एका खंडाची सुटी पानं मिळून बांधलेल्या ग्रंथापेक्षा जास्त पैसे देतात, म्हणून चारशे वर्षं टिकलेले ग्रंथ उसवले जातात. ते मला पाहवत नाही. शिवाय पान भारतात आणलंत की ते पुन्हा परदेशी पाठवणं सोपं नाही : १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक दस्तऐवजही येऊ शकतात, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत. आणण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

प्रश्न : या चित्रांत पुढे माणसं का उभी असतात?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : त्या-त्या शहराचा पोशाख दाखवायला. ब्राउननं प्रस्तावनेत आणखी एक कारण दिलं आहे : तुर्कांच्या धर्माला मनुष्याकृती वर्ज्य, म्हणून ते ही चित्रं युद्धासाठी वापरणार नाहीत. त्याचा हा तर्क कितपत खरा ठरला असता कोण जाणे, पण शहराचं चित्र शत्रूच्या हाती पडण्याची तेव्हा केवढी धास्ती होती ते यातून कळतं. मुलांना कालिकतचं चित्र दाखवा, त्यात हत्तीही आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ही पानं विनामूल्य पाहता येतात.

प्रश्न : आजोबांकडून आलेलं असंच एक पान घडीवर फाटलं आहे. लॅमिनेशन करू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अजिबात नको. सेलोटेपही नको. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक कागदातून परत काढता येत नाही. फाटलेली जागा पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ लावून मागून सांधतात. खळ पाण्यानं सुटते, म्हणून चुकलं तरी दुरुस्त होतं. पण जंगालाच्या हिरव्या जागी पाणी लावू नका, तिथे जाणत्याचाच हात हवा. तोवर पान आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या दोन तावांमध्ये आडवं ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून दूर. कोकणातल्या पावसाळ्यात त्या भिंती आतून ओलावतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते.