घरच्या स्टुडिओत ड्रम्ससाठी महागडे दोन प्रीअँप घ्यावेत की स्वस्तातले आठ?

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्याला चिऱ्याच्या घरात ड्रम किट लावलंय, इंटरफेस (माइकचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारं यंत्र) दोन इनपुटचा आहे आणि अधूनमधून भजनाचा पखवाजही रेकॉर्ड करायचा असतो.

ड्रम्ससाठी स्वस्तातले आठ घ्या. प्रीअँप म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग, आणि तो किती मोठा करायचा ते प्रमाण म्हणजे गेन. महागड्या प्रीअँपचं कौतुक असतं ते भरपूर गेन देऊनही नॉइज कमी राहतो याचं, आणि ड्रम्सना गेन लागतोच कुठे? हिशोब करून बघा. शुअर एसएम ५७ हा माइक ९४ डेसिबलच्या आवाजाला साधारण १.६ मिलिव्होल्ट देतो. स्नेअरजवळचा फटका १३० डेसिबल धरला तर हेच १०० मिलिव्होल्ट होतात, म्हणजे उणे १८ डीबीयू (सिग्नलचा व्होल्टेज डेसिबलमध्ये मोजायचं एकक). इनपुट कमाल +९ डीबीयू घेत असेल, तर रेकॉर्डिंग मीटरवर उणे १० वर (० ही मीटरची कमाल) आणायला १७ डेसिबल गेन पुरतो.

ओव्हरहेडचा, म्हणजे किटच्या वर टांगायचा, कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त संवेदनशील माइक) स्नेअरजवळ लावून बघितलात तर प्रश्न उलटा होतो. २० मिलिव्होल्ट संवेदनशीलतेचा माइक त्याच फटक्याला सव्वा व्होल्ट, म्हणजे +४ डीबीयू देईल. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये पहिल्यांदा बघायचा आकडा म्हणजे कमीत कमी गेनवर माइक इनपुट कमाल किती डीबीयू घेतो तो. +८ च्या खाली असेल तर पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारा स्विच, हवाच. मीटर लाल झालेला नाही आणि तरी वेव्हफॉर्मचे शेंडे कापल्यासारखे सपाट दिसतायत, तर बहुतेक माइकच्या आतलं सर्किट भरलंय. तिथे प्रीअँपचा पॅड कामाचा नाही, माइकवरचा लावा.

पखवाजाचं गणित वेगळं. हातभर लांबून १०० डेसिबल धरले तर त्याच ५७ ला ४७-४८ डेसिबल गेन लागेल, आणि स्वस्त प्रीअँपची सळसळ इथे ऐकू येऊ शकते. त्याला कंडेन्सर लावा, गेन वीसेक डेसिबलने उतरतो. प्रीअँप बदलण्यापेक्षा हे स्वस्त.

आता जोडणी. बेहरिंगर एडीए८२०० सारखा आठ चॅनलचा डबा ऑप्टिकल केबलने इंटरफेसला जोडता येतो, पण तुमच्या इंटरफेसचं ऑप्टिकल इनपुट एडॅट (एका केबलवर आठ चॅनल नेणारी पद्धत) घेतं का ते आधी बघा. नुसतं एसपीडीआयएफ (तशाच केबलवरची दोन चॅनलची पद्धत) असेल तर दोनच चॅनल येतील. मग इंटरफेस विकून आठ इनपुटचा घेतलेला बरा. एकच केबल जोडणार असाल तर डबा ४८ किलोहर्ट्झवर मास्टर ठेवा आणि इंटरफेसचं क्लॉक एडॅटवर करा, म्हणजे डबा ताल देईल आणि इंटरफेस तो धरेल. हे विसरलात की मधूनच टिक-टिक येते आणि लोक केबलला शिव्या घालतात. ९६ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका, या डब्याला ते जमत नाही. फँटमचं (कंडेन्सरला केबलमधून वीज देण्याचं) बटणही आठही चॅनलना मिळून एकच आहे. ५७ सारख्या डायनॅमिक (वीज न लागणाऱ्या) माइकला नीट बॅलन्स्ड केबलवर त्याने काही होत नाही, जुना रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) मात्र काढून ठेवा.

सुरुवात चारच माइकने करा: किक, स्नेअर, दोन ओव्हरहेड. काथ्याची दोरी स्नेअरच्या मध्यावर धरून दोन्ही ओव्हरहेडपर्यंत अंतर सारखं करा, नाहीतर स्नेअर एका बाजूला सरकतो आणि पोकळ वाटतो.

खाऱ्या हवेत गेनचे नॉब खरखरतात आणि एक्सएलआरच्या पिना काळ्या पडतात. काँटॅक्ट क्लीनर जवळ ठेवा, कंडेन्सर सिलिका जेल घालून घट्ट डब्यात. पावसाळ्यात माइक सुकलेला नसेल तर तडतडतो, आणि तो दोष प्रीअँपचा नसतो.