दोन एकर विकून एम.टेक. करावे का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यातील एका खेड्याचा रहिवासी असून यंदा मेकॅनिकल शाखेची पदवी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो आहे. मला वाहनांच्या क्षेत्रातच पुढे जायचे आहे. पुण्याकडील एका खासगी विद्यापीठात ऑटोमोबाइल अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला थेट प्रवेश मिळत आहे. दोन वर्षांचे शुल्क चार लाख रुपये असून वसतिगृह व जेवणाचा खर्च वेगळा आहे. एम.टेक. प्रवेशासाठीची देशपातळीवरची गेट परीक्षा मी दिलेली नाही. आमचे सहा एकर कोरडवाहू वावर आहे आणि त्यातील दोन एकर विकण्याची बाबांची तयारी आहे. प्रवेशाचे काम पाहणारे गृहस्थ आठ दिवसांत पंचवीस हजार भरून जागा पक्की करण्यास सांगतात. मार्गदर्शन करावे.

उत्तर : वावर विकू नका आणि आठ दिवसांच्या मुदतीचे दडपण घेऊ नका. प्रवेश परीक्षेशिवाय, थेट मिळणाऱ्या जागा आठ दिवसांत संपत नसतात. घाई असते ती मध्यस्थाला.

ही पदवी तुम्हाला कशासाठी हवी आहे, हे तुमच्या पत्रातून स्पष्ट होत नाही, आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. आपल्या भागातील अनेक मुलांच्या मनात आरटीओची नोकरी असते. तुमच्याही मनात तीच असेल, तर सहायक मोटार वाहन निरीक्षक पदासाठी ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलची पदविका ही किमान अर्हता आहे, त्यासाठी एम.टेक.वर चार लाख घालण्याचे कारण नाही, तो वेळ लोकसेवा आयोगाच्या तयारीला द्यावा. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर पदव्युत्तर पदवी अनिवार्य आहे. मात्र वाहन कंपनीच्या संशोधन किंवा चाचणी विभागात जायचे असेल, तर नुसत्या पदवीने काम भागत नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही प्रबंधासाठी कोणते काम, कोठे आणि कोणाच्या हाताखाली केले, हे मुलाखतीत विचारले जाते. एम.टेक.च्या चारपैकी जवळजवळ दोन सत्रे या प्रबंधातच जातात. म्हणून विद्यापीठाची पारख पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकावरून करू नका, दुसऱ्या वर्षावरून करा.

खासगी आहे म्हणून विद्यापीठ टाकाऊ ठरत नाही. वेल्लोरच्या व्हीआयटीने पुण्याच्या एआरएआय या १९६६ पासूनच्या वाहन-चाचणी संस्थेच्या सहकार्याने एम.टेक. अभ्यासक्रम चालवला आहे, आणि अशा ठिकाणी शुल्काचा मोबदला मिळतो. तुमच्या विद्यापीठाचे असे कोणाशी सहकार्य असल्याचे सांगितले जात असेल, तर त्या कराराची प्रत आणि मागील तुकडीच्या प्रबंधांची यादी मागा. यादीतील बहुतेक विषय संगणकावरच्या सिम्युलेशनचे असतील आणि प्रत्यक्ष इंजिनावर, बॅटरीवर किंवा गाडीवर केलेली चाचणी एकही नसेल, तर तेथे प्रयोगशाळा केवळ पाहुण्यांना दाखवण्यापुरती आहे असे समजावे.

प्रवेशापूर्वी एकदा स्वतः जाऊन या, आणि शक्यतो सत्र चालू असताना जा. कापून लाल-निळ्या रंगात रंगवलेले इंजिन प्रत्येक आयटीआयमध्ये असते, त्याने भारावून जाऊ नका. इंजिनाला डायनॅमोमीटर, म्हणजे त्याची ताकद मोजणारे यंत्र, जोडलेला आहे का, तो चालू स्थितीत आहे का, आणि धुरातील वायू मोजणाऱ्या यंत्रावरच्या कॅलिब्रेशनच्या (मापन अचूक आहे का याच्या तपासणीच्या) चिठ्ठीवर कोणती तारीख आहे, हे पाहा. चिठ्ठी तीन-चार वर्षांपूर्वीची असेल किंवा नोंदवहीत अलीकडच्या नोंदी नसतील, तर दुसरे काही विचारण्याची गरज उरत नाही. जुना ट्रॅक्टर घेताना आपण रंग सोडून तासांचे मीटर पाहतो, तसेच हे आहे. अभ्यासक्रमही चाळून पाहा. देशात १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासंबंधीची बीएस-६ मानके लागू झाली, आणि २०२२ मध्ये विद्युत स्कूटरना आगी लागण्याच्या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेसंबंधीचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले. असे असताना जो अभ्यासक्रम जुन्या इंजिनांतील कार्ब्युरेटरवर एक संपूर्ण घटक खर्च करतो आणि बॅटरी व्यवस्थापनाला एक परिच्छेद देतो, त्याच्यासाठी चार लाख मोजणे मला पटत नाही.

मान्यतेचा मुद्दा थोडक्यात. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले असून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे, एवढे संकेतस्थळावर पडताळून घ्या. विद्यापीठांना अभ्यासक्रम चालवण्यासाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, पूर्वमान्यता सक्तीची नाही. पण ती नसल्याचा फटका विद्यार्थ्याला बसतो. एआयसीटीई-मान्य संस्थेत पूर्णवेळ शिकणाऱ्या गेट-उत्तीर्ण विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे २४ महिन्यांत २,९७,६०० रुपये. गेट न देता आणि मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतलात, तर एवढी रक्कम तुम्ही सोडून देत आहात. राज्य शासनाच्या शुल्क-सवलतीही बहुतांशी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांशी जोडलेल्या असतात. ‘नंतर बघू’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

म्हणून माझा सल्ला असा की, हे वर्ष गेटला द्यावे. ऑटोमोबाइलचा वेगळा पेपर नाही. मेकॅनिकलचाच पेपर द्यावा लागतो, म्हणजे तुमचा पदवीचाच अभ्यास आहे. गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. चांगले गुण मिळाल्यास मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये किंवा पुण्याच्या सीओईपीमध्ये याच विषयाचा एम.टेक. बऱ्याच कमी शुल्कात करता येतो. तयारीबरोबर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एखादी शिकाऊ उमेदवारी मिळाली तर अवश्य करा. त्या भागात महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना आणि सुट्या भागांचे पुरवठादारही आहेत.

एवढे करूनही खासगी विद्यापीठच पसंत पडले, तर शैक्षणिक कर्ज घ्यावे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभराने सुरू होते. बाबा सहकर्जदार होतील, तेव्हा त्यांच्या नावावरचे पीककर्ज थकीत असेल तर बँक आधी त्यावरच बोट ठेवील. ते आधी नियमित करून घ्या. विकलेले दोन एकर पुन्हा त्या भावात मिळत नाहीत, कर्ज मात्र पगारातून फिटते. आणखी एक गोष्ट : पंचवीस हजार भरायचेच झाले, तर ते विद्यापीठाच्या खात्यात भरून पावती घ्या. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कोणाकडेही ठेवू नका. पडताळणीनंतर मूळ कागदपत्रे ठेवून घेण्यास अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मनाई केलेली आहे.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यात एका ट्रॅक्टर विक्रेत्याकडे सेवा विभागात काम करतो. नोकरी न सोडता दूरस्थ पद्धतीने ऑटोमोबाइलचा एम.टेक. करता येईल का?

उत्तर : नाही. अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी बंदी आहे, आणि त्याआधी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दूरस्थ पद्धतीच्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत कठोर निर्णय दिला होता. ‘घरबसल्या एम.टेक.’ अशी जाहिरात दिसली की पान उलटावे. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत प्रत्यक्ष वर्ग घेण्याची परवानगी मात्र एआयसीटीई काही संस्थांना देते. नागपुरातील कोणत्या महाविद्यालयाला ती तुमच्या विषयासाठी मिळालेली आहे, हे प्रवेश कार्यालयात मान्यतेचे पत्र पाहूनच ठरवावे.