ब्रेकची धूळ आणि धाप

प्रश्न : वडिलांनी 30 वर्षं गॅरेजात ब्रेक-क्लचचं काम केलं. आता जिना चढताना धाप लागते. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे असेल का?

उत्तर : शक्य आहे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस हे उष्णता सहन करणारं तंतुमय खनिज सर्रास असे. चाकातला ब्रेकचा ड्रम उघडून हवा मारली किंवा लायनर कोरडा घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू थेट फुफ्फुसात जातात. आजार मात्र 10 ते 40 वर्षांनी डोकं वर काढतो. छातीच्या डॉक्टरांना हे काम आवर्जून सांगा, कारण बरेचदा फक्त विडी-सिगारेटचीच चौकशी होते. एक्स-रे स्वच्छ आला तरी स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजणारी तपासणी) आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) याबद्दल विचारा. विडी ओढत असतील तर आजच सोडायला लावा. गॅरेजात अजून कुणी असेल, तर ड्रम आधी भिजवून ओल्या फडक्याने पुसावा, फडकं पिशवीत बांधून टाकावं. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही.