बडोद्यात घरी क्रीम सॉसमधले मसल्स कसे करावेत? वाइनशिवाय जमतात का?

तुम्ही लिहिलंय की बेल्जियमला खाल्लेले मसल्स, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, बडोद्यात करून पाहिले, तर क्रीम फाटलं आणि मसल्स चिवट झाले. इथे ताजे मिळत नाहीत, व्हाइट वाइन तर नाहीच, मग नादच सोडावा का?

सोडू नका. आमच्या घरी हिवाळ्यात दोन-तीनदा होतात. गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. परमिटवाले सोडले तर बाकीच्यांनी वाइनसाठी हळहळण्यात अर्थ नाही. या सॉसची खरी चव मसल्सच्या अंगच्या पाण्यात असते. वाइनचं काम आंबटपणाचं, आणि आंबट काय, आपल्याकडे हवं तेवढं आहे.

आधी नावाचा घोळ. आपण शिंपले म्हटलं की ‘तिसऱ्या’ नावाचे छोटे शिंपलेच डोळ्यांसमोर येतात. मसल्स म्हणजे शिनाणे, खडकाला दोऱ्यांनी चिकटून बसणारे, हिरवट काळ्या कवचाचे. आपल्याला जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा, गाळाचा. ते तिथले नव्हेत. म्हणून रत्नागिरीहून येणाऱ्या दिराला मी एकदा मोठ्या हौसेने दोन किलो आणायला सांगितले. त्याने बिचाऱ्याने कोळंबी आणतात तसे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, वर बर्फ ओतून आणले. घरी पिशवी सोडली तर निम्म्याहून जास्त आ वासून पडलेले, टिचकी मारली तरी मिटेनात. सगळे टाकले. नंतर कळलं की शिनाणे जिवंत असतात, त्यांना हवा लागते, आणि बर्फ वितळून झालेलं गोडं पाणी त्यांना मारतं. आणायचेच असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून, झाकण किलकिलं ठेवून, बर्फ खाली आणि पाणी निथळायला जागा, असं आणावं. पण रात्रभराच्या गाडीने कोणाला हे सांगायची माझी आता हिंमत नाही.

तेव्हा फ्रोझन घ्या, अर्ध्या कवचातले. न्यूझीलंडचे असतात ते आपल्या शिनाण्यांचे चुलतभाऊच, जरा मोठे. आणि इथेच तुमच्या चिवटपणाचं उत्तर आहे: हे बहुतेक वेळा शिजवूनच गोठवलेले असतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. त्यांना शिजवायचं नाही, फक्त गरम करायचं. मीसुद्धा पहिल्यांदा दहा मिनिटं रटरट उकळले होते. यजमान चावत राहिले, शेवटी म्हणाले, 'सायकलच्या ट्यूबला पंक्चर काढायला ठेव.'

दोघांसाठी अर्धा किलो पुरतात. आदल्या रात्री ताटलीत पसरून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी ताटलीत पाणी सुटलेलं असेल, ते ओतून देऊ नका. वास स्वच्छ, समुद्राचा येत असेल तर मलमलच्या फडक्यातून गाळून ठेवा. काही मसल्स केशरी दिसतील, काही पांढरट. केशरी म्हणजे खराब नव्हे, ती मादी. दोऱ्यांचा पुंजका कडेला लोंबत असेल तर ओढून काढा.

आता सॉस. दोन चमचे बटरवर बारीक चिरलेले मद्रासी कांदे अगदी मंद, लाल न होता परता. थंडीत इथे लीलुं लसण म्हणजे पातीचा ओला लसूण मिळतो, त्याचा पांढरा भाग आत्ता, हिरवी पात शेवटी. क्रीमबरोबर ही पात काय लागते ते खाऊनच कळेल, बेल्जियमला हे नव्हतं! मग अर्धा चमचा मैदा घालून मिनिटभर परता. मैदा लागतो कारण आपल्याकडचं डब्यातलं साधं क्रीम २५ टक्के फॅटचं असतं. युरोपात याला वापरतात ते बरंच दाट असतं, उकळीला टिकतं. आपलं पातळ क्रीम आंबट आणि उकळी एकत्र भेटली की फाटतं. तुमचं नेमकं तेच झालं असणार.

म्हणून क्रम सांभाळा. मैद्यावर गाळलेलं पाणी, अर्धी वाटी साधं पाणी आणि एक मोठा चमचा अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घालून निम्मं होईपर्यंत आटवा, म्हणजे व्हिनेगरचा नाकाला झोंबणारा वास जातो. मग गॅस बारीक करून १०० मिली क्रीम घाला. त्यानंतर बुडबुडा दिसता कामा नये. मसल्स कवचासकट सोडा, झाकण ठेवा, दोन-तीन मिनिटं, बस. लिंबू पिळायचं तर गॅस बंद करून, चार थेंब. मिठाला हात लावू नका, आधी चाखा. मसल्स स्वतःच खारे असतात. काळी मिरी मात्र भरड कुटून.

थोडी हळद किंवा करी पावडर घालावीशी वाटली तर खुशाल घाला, कोणी नावं ठेवणार नाही. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेलच्या बाजूला मसल्स क्रीममध्येच करतात, मुक्लाद म्हणतात त्याला, आणि त्यात करी पावडर किंवा केशर असतंच.

कधी मुंबईला जाऊन ताजे मिळाले तर कृती उलटी: तुटके आणि न मिटणारे काढून टाका, दोरे ओढा, कवचं घासा, मोठ्या पातेल्यात झाकण लावून मोठ्या आचेवर चार मिनिटं. उघडले की बाहेर काढा, तळाचं पाणी गाळा, वाळू असते. पुढे सॉस तोच. आणि ओळखीच्या, स्वच्छ पाण्यातलेच घ्या. हे प्राणी पाणी गाळून जगतात. पाण्यात विषारी शेवाळ असेल तर ते विष उकळूनही जात नाही. घरात कोणाला शिंपल्यांची अ‍ॅलर्जी असेल तर हा बेतच नको.

बेल्जियममध्ये सोबत फ्राइज देतात, आमच्याकडे बेकरीचा पाव तव्यावर भाजून. उरलेले मसल्स पुन्हा गरम करू नका, परत ट्यूब होतील. ते त्याच रात्री संपवा, आणि उरला तर नुसता सॉस फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम करून पास्त्यावर घ्या.