सातबाऱ्यावर १.६०, संगणकावर १.७८!
वाचकांचे प्रश्न : ड्रोन मोजमाप आणि क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर)

प्रश्न : सातबाऱ्यावर आमच्या गटाचे क्षेत्र १.६० हेक्टर आहे. क्यूजीआयएसमध्ये उपग्रह चित्रावर बांधाने रेघ ओढून पॉलिगॉन (बंद आकृती) केला, फील्ड कॅल्क्युलेटरने क्षेत्र काढले, तर १.७८ हेक्टर आले. अठरा गुंठे वाढले कुठून? (वाचक, बारामती तालुका)

उत्तर : वाढ अकरा टक्क्यांची आहे, आणि या आकड्यावरूनच चोर सापडतो. तुमचा थर (लेयर) ईपीएसजी ३८५७ मध्ये, म्हणजे वेब मर्केटर प्रक्षेपणात आहे. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत, आणि ईपीएसजी हा अशा रीतीचा क्रमांक. इंटरनेटवरची पार्श्वचित्रे याच प्रक्षेपणात येतात. विषुववृत्तापासून जसजसे दूर जाल तसतसे त्यात क्षेत्र फुगते. बारामतीच्या १८ अंश अक्षांशावर ही फूग साधारण ११ टक्के असते.

तुम्ही 'एरिया' फंक्शनला जॉमेट्री दिली असणार. ते थराच्या प्रक्षेपणातले सपाट क्षेत्र देते. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे 'एरिया' प्रकल्पात निवडलेल्या लंबवर्तुळावर, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावर मोजते, त्याने आकडा १.६० च्या जवळ आला असता. कायमचा उपाय असा : थरावर राइट क्लिक, एक्स्पोर्ट, 'सेव्ह फीचर्स अ‍ॅज', आणि तिथे सीआरएस (निर्देशांक पद्धत) ईपीएसजी ३२६४३ निवडा. 'सेट लेयर सीआरएस' दाबू नका. त्याने फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते, आतला माल तोच राहतो, आणि पॉलिगॉन भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो.

३२६४३ हा यूटीएमचा (सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत मीटरने मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा) विभाग ७२ ते ७८ अंश रेखांशांसाठी आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या वाचकांनी ३२६४४ घ्यावा. यूटीएमच्या मध्यरेषेजवळ क्षेत्र ०.०८ टक्के कमी भरते. तुमच्या गटात ते १३ चौरस मीटर होतात, सोडून द्या. आणि वाढले ते अठरा गुंठे नाहीत, अठरा आर. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७. ही गल्लत एकराला जवळजवळ अर्ध्या गुंठ्याची पडते.

प्रश्न : दहा एकर डाळिंबाच्या बागेवर ६० मीटरवरून ६२ फोटो घेतले. वेबओडीएमने (ड्रोनचे फोटो जोडून नकाशा करणाऱ्या सॉफ्टवेअरने) जोडलेल्या चित्रात मधे पोकळ्या आहेत, आणि उंचीच्या नकाशात सपाट बाग मधोमध फुगून पालथ्या परातीसारखी दिसते. ड्रोनमध्ये दोष आहे का? (वाचक, आटपाडी)

उत्तर : दोष ड्रोनचा नाही, उड्डाणाच्या आखणीचा आहे. १/२.३ इंची सेन्सर आणि १२ मेगापिक्सेलचा नेहमीचा कॅमेरा धरला, तर ६० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर २.१ सेंटीमीटरचा पडतो आणि एका फोटोत ८४ × ६३ मीटर जमीन येते. पुढच्या फोटोशी ७५ टक्के आणि शेजारच्या पट्ट्याशी ७० टक्के जमीन सामाईक हवी. म्हणजे दर १६ मीटरवर फोटो, आणि पट्ट्यापट्ट्यात २५ मीटर अंतर. दहा एकर म्हणजे २०० मीटरचा चौकोन. कडेबाहेरचे एकेक वळण धरून दहा पट्टे, प्रत्येकात पंधरा फोटो, एकूण दीडशे. बासष्टमध्ये पोकळ्या राहणारच. डाळिंबाच्या ओळींत एक झाड दुसऱ्यासारखेच दिसत असल्याने संगणकाची जुळणीही चुकते, म्हणून बागेवर सामाईक भाग ८० टक्क्यांपर्यंत न्या.

वेग सेकंदाला ५ मीटर आणि दर ३ सेकंदांनी फोटो ठेवा, बागेवरच्या ८० टक्क्यांसाठी दर अडीच सेकंदांनी. शटर १/१००० असेल तर चित्र ५ मिलिमीटर फरपटते, ते चालते. ढगाळ दिवशी कॅमेरा आपोआप १/२०० वर गेला की फरपट अडीच सेंटीमीटर होते, पिक्सेलपेक्षा मोठी. शटर हाताने लावून टाका. ऊसवाल्यांना जादा सूचना : वारा सुटला की पाने प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात. सकाळी वारा पडलेला असताना, ८० ते १०० मीटरवरून उडवा.

आता परात. सगळे फोटो सरळ खाली बघणारे आणि सगळे पट्टे समांतर असले, की लेन्सची वक्रता किती आणि जमिनीची किती हे सॉफ्टवेअरला वेगळे करता येत नाही, म्हणून ते थोडी वक्रता जमिनीच्या माथी मारते. आडवे पट्टे झाल्यावर उभे पट्टेही उडवा, आणि या दुसऱ्या फेरीत कॅमेरा सरळ खाली न ठेवता १५ ते २० अंश तिरपा करा. फूग बहुतेक तिथेच बसते.

उरलेली कसर जमिनीवरच्या खुणा काढतात. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक, अशा किमान पाच. शिवाय दोन-तीन खुणा मोजून ठेवा पण सॉफ्टवेअरला देऊ नका, त्या फक्त तपासणीला. खुणेसाठी जुन्या फ्लेक्सचे ६० सेंटीमीटरचे चौकोन कापून काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवा. रंग चकचकीत नको, उन्हात तो फोटोत नुसता पांढरा ठिपका होतो. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. फ्लेक्स नसेल तर फक्कीची फुली, पट्टी १० सेंटीमीटर रुंद. या खुणांचे स्थान आरटीके जीएनएसएसने (सेंटीमीटरपर्यंत अचूक स्थान देणाऱ्या उपग्रह यंत्राने) घ्यायचे. मोबाइलच्या जीपीएसने घेतलेली खूण तीन ते पाच मीटर चुकते. अशा खुणा देण्यापेक्षा न दिलेल्या बऱ्या.

या खुणांच्या यादीत, म्हणजे जीसीपी फाइलमध्ये, पहिल्या ओळीत ईपीएसजी क्रमांक, पुढच्या प्रत्येक ओळीत ईस्टिंग (पूर्वेकडचे मीटर), नॉर्दिंग (उत्तरेकडचे मीटर), उंची, फोटोतला आडवा पिक्सेल, उभा पिक्सेल आणि फोटोचे नाव, सगळे रोमन लिपीत. प्रत्येक खूण निदान तीन फोटोंत दाखवा, पाच-सहा असतील तर उत्तम. सर्वांत जास्त चूक ईस्टिंग-नॉर्दिंगच्या अदलाबदलीची होते. महाराष्ट्रात ईस्टिंग सहा आकडी असते आणि नॉर्दिंग सात आकडी. सात आकडी संख्या आधी दिसली की थांबा.

प्रश्न : १६ जीबी रॅमच्या विंडोज संगणकावर वेबओडीएमला १२ एकरांचे ३२० फोटो दिले. काम अर्ध्यात '१३७' कोड देऊन बंद पडते. (वाचक, निफाड)

उत्तर : १३७ म्हणजे मेमरी संपली आणि प्रक्रिया मारली गेली. वेबओडीएम ज्या डॉकरमध्ये चालते तो विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आतल्या लिनक्समधून) चालतो आणि त्याला मुळात निम्मीच रॅम मिळते. आपल्या यूजर फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल कॉन्फिग फाइलमध्ये मेमरी १२ जीबी लिहा, डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. तरी अडले तर पॉइंट क्लाउडचा (फोटोंतून होणाऱ्या त्रिमिती ठिपक्यांचा) दर्जा एक पायरी खाली आणा. 'स्प्लिट' वापरून तुकडे पाडण्याचा सल्ला सगळे देतात, पण त्यातला सामाईक पट्टा मुळात १५० मीटरचा असतो. १२ एकरांच्या शेतात प्रत्येक तुकड्यात जवळजवळ सगळे शेत येते, मग वाचले काय?

प्रश्न : शेततळ्यात किती पाणी मावेल हे ड्रोनने काढायचे आहे. आरटीकेच्या खुणा दिल्या, पण मॉडेलमधली उंची टोपोशीटपेक्षा (उंची दाखवणाऱ्या सरकारी नकाशापेक्षा) साठेक मीटर कमी दिसते. आकारमानावर भरवसा ठेवावा का? (वाचक, शिरूर)

उत्तर : उंचीतल्या या फरकाने आकारमान बिघडत नाही. जीएनएसएस उंची मोजते ती गणिती लंबवर्तुळापासून. टोपोशीटची उंची समुद्रसपाटीपासून, म्हणजे जिऑइडपासून असते, आणि पुण्या-मुंबईकडे जिऑइड लंबवर्तुळाच्या साठ मीटरांच्या पुढेमागे खाली आहे. आकारमानात सांडव्याची उंची वजा तळाची उंची येते, दोन्ही एकाच पायावर मोजलेल्या, म्हणून फरक कटतो. मात्र पाटाची किंवा पाइपलाइनची उंची दुसऱ्या सरकारी नकाशाशी जोडणार असाल तर दुरुस्ती केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तळे कोरडे आणि प्लॅस्टिक अंथरण्याआधी उडवा. पाण्यावर आणि काळ्या चकचकीत कागदावर फोटो जुळवायला खूणच मिळत नाही, तिथे मॉडेल खोटे खड्डे पाडते. मग डीएसएम (वरच्या पृष्ठभागाच्या उंचीचा) रास्टर, म्हणजे पिक्सेलांचा नकाशा, तळ्याच्या कडेने कापा, प्रोसेसिंगमधले 'रास्टर सरफेस व्हॉल्यूम' उघडा, पातळी म्हणून सांडव्याची उंची द्या आणि फक्त त्याखालचेच मोजायचा पर्याय घ्या. उत्तरापुढे उणे चिन्ह आले तरी दचकू नका, पातळीच्या खालचे आहे एवढाच त्याचा अर्थ.

हाताने ताळा करा. वर ३० × ३०, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १.५ ला १, तर तळ २१ × २१ उरतो आणि आकारमान १,९७१ घनमीटर, म्हणजे १९.७१ लाख लिटर येते. ३० × ३० × ३ करून २,७०० सांगणारे उतार विसरतात. सांडव्याची पातळी देताना १० सेंटीमीटर चुकली तर या तळ्यात जास्तीत जास्त ९० घनमीटरचा फरक पडेल.

प्रश्न : डोंगरउतारावर समतल चरांसाठी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या रेषा) काढल्या, तर त्या झुडपांभोवती गुंडाळलेल्या, दातेरी आल्या. (वाचक, माण)

उत्तर : रेषा डीएसएमवर काढल्या आहेत, त्यात झुडपांचे शेंडेच जमीन ठरतात. वेबओडीएममध्ये 'डीटीएम' (नुसत्या जमिनीच्या उंचीचा नकाशा) चालू करून काम पुन्हा लावा. जमीन गाळून काढणाऱ्या चाळणीचा उतार मुळात ०.१५ असतो, तीव्र डोंगरावर तो ०.३ करा, नाहीतर कडेही झुडूप समजून कापले जातात. नंतर रास्टर १ मीटर पिक्सेलवर आणून मग अर्ध्या मीटरच्या रेषा काढा. पाच सेंटीमीटर पिक्सेलवर काढलेली रेषा ढेकळाढेकळाला वळते. दाट गवताखालची जमीन मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही, ती कुठलीही चाळणी देत नाही. उड्डाण एप्रिल-मेमध्ये करा.

प्रश्न : शेजाऱ्याशी बांधाचा वाद आहे. ड्रोनचा नकाशा पुरावा धरतील का? परवाना लागतो का? (वाचक, पाटण)

उत्तर : हद्द ठरते भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने आणि त्यांच्या 'क' प्रतीने. ड्रोनचा नकाशा आज बांध कुठे आहे ते दाखवतो, तो कुठे असायला हवा ते नाही. जुने टिपण क्यूजीआयएसमध्ये बसवून पाहायचे असेल तर त्यातली मापे साखळी-आण्यांत असतात हे ध्यानात ठेवा : साखळी ३३ फूट, तिचे आणे १६, म्हणजे आणा दोन फूट पाऊण इंचाचा.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, आणि २ किलोपर्यंतच्या ड्रोनला व्यवसायाव्यतिरिक्त वापरात, पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन मोजमाप करणार असाल तर २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला लागते. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर आपला भाग हिरवा आहे का ते पाहा, तिथे कमाल उंची ४०० फूट. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आडव्या १ मीटर किंवा उभ्या ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतातच साठवायची आणि भारतातच प्रक्रिया करायची असते. आरटीकेच्या खुणा दिलेला तुमचा नकाशा त्यात येतो. परदेशी सर्व्हरवर फोटो चढवण्यापेक्षा वेबओडीएम स्वतःच्या संगणकावर चालवा.